फुडं फळ्या, मागं हरभरं

“थोरलीचं केलासा तसंच हिचंबी करा मॅडम,” असं म्हणत त्या बाईंनी धाकटीला माझ्या खुर्चीकडे ढकललं आणि स्वतः स्टुलावर टेकल्या. निपाणीहून सकाळच्या बसनं आल्या होत्या. हातात कापडी पिशवी, आणि अंगाला तंबाखूचा तो वास, जो निपाणीत राहणाऱ्याला कधीच येत नाही आणि बाहेरच्याला सगळ्यात आधी येतो. बाई घरी विड्या वळतात.

मी वाकडे दात सरळ करणारी डॉक्टर. बेळगावात, शहापूरच्या एका गल्लीत, साड्यांच्या दुकानावर माझा दवाखाना आहे. “तसंच करा” हे ऐकलं की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? आपण कुणाचं तरी काम नीट केलं आणि ते त्यांच्या लक्षात राहिलं, एवढ्यावर माझ्यासारखी चिडखोर बाईसुद्धा दिवसभर गोड बोलू शकते.

थोरलीही आली होती. दाराशी उभी होती, चांगली उंच झालेली, निपाणीतच कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. मी म्हटलं, “ये गं इकडं, बघू तरी आपण काय केलंय ते.” ती हसली, आणि हसता हसता तिचा हात आपोआप तोंडावर गेला.

असा हात मी ओळखते. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलींचा हात तिथंच असतो, आणि तो खाली आणणं हाच माझा धंदा आहे. पण या मुलीचे दात तर मी सरळ केले, असं तिची आईच म्हणत होती. मग हात का? मी तिला उजेडात घेतलं, ओठ बाजूला केला, आणि माझी मला लाज वाटली. दात सरळ होते. पण वर-खाली, डावीकडे-उजवीकडे, प्रत्येक सुळ्याच्या मागं एकेक फट होती. जिथून मी चांगला दात काढला होता तिथली जागा भरलीच नव्हती. दातांना ती जागा नकोच होती.

“तेवढ्या फटी हाईत,” आई अभिमानानं म्हणाली, “पन एकबी दात वाकडा न्हाई बगा. हिला म्हंतो, हसंल त्याचं दात दिसतील, तू कशाला लाजतीस?”

थोरली हात न काढता म्हणाली, “हसत्यात ते लोक आनि दिसत्यात माझं दात.”

आई हसली. मीही हसल्यासारखं केलं.

आता नऊ वर्षं मागं जायला हवं. तेव्हा मी महिन्यातून एका शनिवारी निपाणीला एका शाळेच्या हॉलमध्ये दातांच्या शिबिराला जायचे. नवी होते, तडफदार होते, आणि मशेरी लावणाऱ्या बायकांना उभ्या उभ्या झापायचे. त्या गुपचूप ऐकून घ्यायच्या आणि बाहेर जाऊन मशेरी लावायच्या. तिथंच ही थोरली माझ्यासमोर आली, दहा वर्षांची. खालचे पुढचे चार दात असे रुंद, की एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून, जरा तिरके होऊन उभे होते.

त्या वयात तोंडात निम्मे दात दुधाचे असतात. पुढचे पक्के दात आलेले असतात आणि त्यांच्या मागचे तीन, म्हणजे सुळा आणि दोन उपदाढा, अजून हिरडीतच असतात. ते न आलेले दात किती रुंद निघतील आणि त्यांना जबड्यात जागा पुरेल का, हे आम्हाला आधीच ताडायचं असतं. त्यासाठी एक तक्ता असतो. खालचे पुढचे चार दात मोजायचे, बेरीज करायची, तक्त्यात बघायची, की शेजारी न आलेल्या तिघांची रुंदी लिहिलेली असते. शितावरून भाताची परीक्षा. आम्ही कॉलेजात तो तक्ता पाढ्यांसारखा वापरायचो. तो दूर परदेशातल्या मुलांचे दात मोजून केलाय हे पुस्तकात त्याच पानावर छापलेलं होतं. पण तळटीप वाचायला परीक्षेत मार्क नसतात.

मी थोरलीचे चार दात मोजले, तक्ता बघितला, आणि सांगितलं की मागचे दातही पुढच्यांसारखेच दांडगे निघणार, जागा अजिबात पुरायची नाही, चार दात काढावे लागतील. आई शेजारी उभी होती. ती म्हणाली, “आमच्या घरात सगळ्यांचं असंच असतंय मॅडम. माझं, माझ्या आईचं. फुडं फळ्या, मागं हरभरं.”

मला ते शब्द इतके आवडले की मी मोठ्यांदा हसले. शेजारच्या टेबलावरच्या डॉक्टरांनाही सांगितलं, तेही हसले. मग मी बाईंना म्हटलं, “असं नजरेनं चालत नाही हो, मोजावं लागतं.” आणि मोजलेलं तर मी काहीच नव्हतं. पुढच्या फळ्या तेवढ्या मोजल्या होत्या. मागचे हरभरे मोजले होते ते दुसऱ्याच कुणाच्या तरी देशातल्या पोरांचे. शीत एका भांड्यातलं आणि भात दुसऱ्याच भांड्यातला, अशी माझी परीक्षा.

आधी दुधाचे सुळे काढले. वर्षाभरानं पहिल्या उपदाढा हिरडीतून डोकं काढू लागल्या, तेव्हा त्या चारही काढल्या. गर्दी केली पुढच्यांनी आणि फाशी गेल्या मागच्या. चोर सोडून संन्याशाला, म्हणतात ते हेच. नंतर शिबिर भरवणाऱ्यांचा उत्साह संपला, शिबिर बंद पडलं. तार लावायला बेळगावला या, असं मी सांगितलं होतं. त्या आल्या नाहीत; पुढचे दात मोकळ्या जागेत आपोआप सरळ झाले, फटी तशाच राहिल्या. आणि मी? मी विसरून गेले. एवढंच खरं.

आणि आता त्याच घरातली धाकटी, नऊ वर्षांची, माझ्या खुर्चीत बसून पाय हलवत होती. तोंड उघडलं तर तेच. रुंद पुढचे दात, तशीच खांद्याला खांदा लावलेली रांग. आणि आई म्हणत होती, तसंच करा.

त्या दिवशी मी खरं बोलायला हवं होतं. बोलले नाही. गुलाबी लगदा तोंडात घालून दातांचं माप घेतलं, एक्स-रे काढला, आणि “पंधरा दिवसांनी या, मग ठरवू” असं म्हणून त्यांना वाटेला लावलं. जाताना आईनं मला हात जोडले. मला ते सहन झालं नाही, म्हणून मी पुढच्या पेशंटवर विनाकारण खेकसले.

संध्याकाळी धाकटीचा प्लास्टरचा साचा पुढ्यात घेऊन बसले. चार दात मोजले. तक्ता उघडला. तक्ता अजिबात लाजला नाही. नऊ वर्षांपूर्वी जे सांगितलं तेच त्यानं पुन्हा सांगितलं: जागा पुरणार नाही, काढा. एक्स-रे बघितला तर आतले दात थोडे फिरून उभे होते, आणि फिरलेल्या दाताचं फोटोतलं माप फसवं असतं. थोरलीला फटी राहिल्या म्हणून धाकटीलाही राहतील, हेही छातीवर हात ठेवून सांगता येईना. न काढावेत, आणि तक्ता यावेळी खरा निघाला, तर सुळे हिरडीच्या वरून बाहेर येणार, आणि मग ही पोरगी पुढची दहा वर्षं तोंडावर हात धरणार. काढावेत तर थोरली समोर होतीच. त्या पोरीचे चार निरोगी दात राहायचे की जायचे, हे माझ्या टेबलावरच्या बेरजेवर होतं, आणि बेरीज माझ्या भरवशाची राहिली नव्हती. तक्त्याला बोल लावावा तर तो वापरला मीच. आपलेच दात, आपलेच ओठ.

मग मला एकदम सुचलं की मला एक गोष्ट मोजता आली तर कळेल. थोरलीच्या तोंडात आता पक्के दात आहेत. सुळा आहे, दुसरी उपदाढ आहे. त्या दोन्ही मोजता येतील. तिसरा जो मी काढला, तेवढा मिळाला, की तिघांची खरी रुंदी कळेल, आणि तक्त्यानं तेव्हा सांगितलेली रुंदी किती खोटी होती तेही कळेल. बहिणी आहेत, पुढचे दात तर एकाच हातानं केल्यासारखे आहेत. काढलेला दात तेव्हाच मोजला असता तर? पण काढलेला दात कोण मोजतं? तो काढला की संपला.

आणि मग आठवलं, की काढल्यावर आईनं ते चारही दात मागून घेतले होते. मी कापसात गुंडाळून दिले होते.

दुसऱ्या दिवशी फोन केला. जरा चाचरतच विचारलं, “ते थोरलीचे दात... अजून असतील का हो?”

“हाईत की,” त्या म्हणाल्या. “टाकतंय का कोन?”

“नाही, म्हणजे आपल्याकडं दात पडला की कौलावर टाकतात ना. मला वाटलं...”

“ते दुधाचं वो. दुधाचा पडला की शेणात घालून कौलावर टाकायचा, म्हंजे दुसरा येतोय. ह्यो परत येनार हाय व्हय? परत न येनारा दात कौलावर टाकून काय मागायचं?”

मी म्हटलं, येताना घेऊन या.

पंधरा दिवसांनी त्या तिघी आल्या. आईनं पिशवीतून मशेरीची एक जुनी पत्र्याची डबी काढली. घासून पुसून लख्ख केलेली, तरी झाकण उघडल्यावर वास आलाच. आत हळदीचा डाग पडलेला कापूस, आणि कापसात चार दात. कोवळे, मुळं अजून पुरती न झालेले. मी ते तळहातावर घेतले आणि मला मोजायच्या आधीच कळलं. माझ्या बोटांना कळलं. ते हरभरेच होते.

तरी मोजलं. थोरलीला खुर्चीत बसवून सुळा मोजला, मागची उपदाढ मोजली, डबीतला खालचा दात मोजला. बेरीज केली. दुसऱ्या बाजूची केली. मग पुन्हा केली, कारण एकदा न मोजता बोलण्याचं फळ समोर बसलेलं होतं. तक्त्यानं सांगितलं होतं त्याहून एकेका बाजूला दीड मिलिमीटर कमी. दोन्ही बाजू धरून तीन. ऐकणाऱ्याला तीन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही वाटत. जबड्यात तीन मिलिमीटर म्हणजे वाड्यातली एक खोली.

मी मोजायचा कॅलिपर खाली ठेवला आणि सांगून टाकलं. “हिचे दात काढायला नको होते. माझं चुकलं. मी दुसऱ्या मुलकातल्या मुलांचं माप हिला लावलं. तिकडं पुढचे दात रुंद असले की मागचेही रुंद असतात. तुमच्या घरात तसं नाही. तुमच्या घरात पुढं रुंद, मागं बारीक.”

मला वाटलं, आता आई ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “म्हंजे हिचं न्हाई न्हवं काढायचं?”

“नाही. मला तसं वाटतं. वाट बघू. चार-चार महिन्यांनी आणा, मी नजर ठेवते. जागा कमी पडायला लागली तर तारेनं करता येईल. पण आता काढायचे नाहीत.”

“मग बरं झालं,” ती म्हणाली, आणि चारही दात परत कापसात गुंडाळून डबीत ठेवू लागली.

थोरली खुर्चीतून उतरली नव्हती. ती वरच्या दिव्याकडे बघत म्हणाली, “आई सांगत हुती तवा. मी खुर्चीतच हुतो. मला आठवतंय मॅडम. तुमी हसलासा.”

तिच्या आवाजात राग नव्हता. आठवण सांगावी तसं तिनं सांगितलं. मला जन्मात कुणी असं तोंडात मारलेलं नाही. “व्हय,” मी म्हटलं. शिकल्यापासून दवाखान्यात मी ठेवणीतलं मराठी बोलते. त्या वेळी घरचंच आलं तोंडात. “व्हय, हसले मी. आनि ऐकलं न्हाई.”

मग मी तिला म्हटलं, फटी बुजवता येतात, वेळ लागेल, पण तू येत जा, हे काम माझं आहे. ती आईकडे बघू लागली. आई म्हणाली, “जा की. न्हाईतरी हसंना झालीस.” दर महिन्याला एक सकाळ ती निपाणीहून यायची, तार आवळून घ्यायची आणि दुपारच्या कॉलेजला परत जायची. पहिले चार-पाच महिने माझ्याशी कामापुरतंच बोलायची. तिचा तो हक्क होता.

मी मात्र त्या दिवसापासून मोजायला लागले. येईल त्या पोराचे दात, ज्याचे सगळे पक्के आलेत त्याचे, आईबापांना विचारून. एक जाड वही केली. पहिल्यांदा वाटलं, आपला तक्ता करू, बेळगावचा. चार महिन्यांत खोड मोडली. कोण बेळगावचं? शहापुरातल्या आमच्या विणकरांच्या घरांत बनहट्टीकडून आलेल्या सुना, निपाणीत गडहिंग्लजच्या, खानापुरात गोव्याकडच्या. पोराच्या तोंडात पुढचे दात बापाच्या घरचे आणि दाढा आजोळच्या असं सर्रास दिसू लागलं. म्हणून मी वहीत आईचं माहेर कुठलं आणि तिच्या घरी काय बोलतात तेही लिहायला लागले.

तेवढ्यानं एकदा पंचाईत झाली. बेळगुंदीच्या शाळेत मापं घेत होते. एका मुलाबरोबर त्याची आई आणि आजोबा, म्हणजे आप्पा, आले होते. घरात काय बोलता, असं विचारल्याबरोबर आप्पा खुर्ची सोडून उठले. “हे सीमेच्या मोजनीचं हाय काय? तर मराठी लिवा. ठळक लिवा. दात कसलं बी असूद्यात.” मी दातांचंच काम आहे म्हणून पुष्कळ सांगितलं. ते म्हणाले, “मग बोलनं कशाला पायजे? दात कुठं बोलत्यात?” मुलाची आई मागून हळूच म्हणाली की तिचं माहेर गोकाकचं आणि तिकडं घरात कानडीच. आप्पांनी तिच्याकडे बघितलं, माझ्या वहीकडे बघितलं, आणि म्हणाले, “ते बारीक लिवा.”

मी तसंच लिहिलं. एक ठळक, एक बारीक. ती वही अजून कच्चीच आहे, तिला तक्ता म्हणायची माझी छाती नाही. पण तिच्यामुळं मला विचारायची सवय लागली. आता पोर खुर्चीत बसलं की आईला आधी विचारते, तुमच्या घरात दात कसे असतात हो? बायका पहिल्यांदा गोंधळतात. मग सांगायला लागल्या की थांबत नाहीत.

आणि धाकटी. दोन वर्षं मी तिच्या तोंडावर डोळे लावून बसले होते. सगळ्या पेशंटांत एवढी धाकधूक मला कुणाची झाली नाही. एका भेटीत खालचा उजवा सुळा तिरका येताना दिसला. आईला म्हटलं, अजून थोडं थांबू. ती म्हणाली, “तुमी म्हंता तर थांबू.” एकदा फसवलेल्या माणसाचा विश्वास असा शांतपणे पुन्हा हातात आला की तो पेलत नाही. तिच्या जागी मी असते तर दुसरा डॉक्टर बघितला असता.

तो सुळा सावकाश वळला. दुधाच्या दाढा पडल्या, त्यांच्या जागी बारक्या उपदाढा आल्या आणि उरलेल्या जागेत सुळा सरकून बसला. मध्ये थोडी दाटी आहे, नाही असं नाही. पुढच्या दोन दातांवर वर्षभर तार लावावी लागेल. पण सगळे दात तिच्या तोंडात आहेत. मी ते मोजत नाही म्हटलं तरी प्रत्येक भेटीत मोजते.

मागच्या महिन्यात थोरलीची तार काढली. फटी गेल्या. आरसा दिला तर तिनं पुष्कळ वेळ बघितलं, मग हसली, आणि हात उठला. अर्ध्यावर आला आणि तिथंच थांबला. तिचं तिलाच कळलं. मग तो खाली मांडीवर ठेवून ती पुन्हा हसली. चार दात कमीच आहेत तिला, ते मी परत देऊ शकत नाही. सगळ्यांना बरी दिसेल, मला ते चार दिसत राहतील.

निघताना तिनं पिशवीतून ती मशेरीची डबी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

“ही तुमच्याकडंच ठेवा मॅडम.”

“अगं, आईला विचारलंस का? तिनं एवढी जपलीय.”

“तिनंच दिलीया. आमच्या घरात हिचं काम झालं, म्हनाली.” आणि जिना उतरता उतरता वळून म्हणाली, “कुनाच्या पोरीचं दात काढायचं तुमच्या मनात आलं, की पक्कड घ्यायच्या आदी ही उघडून बगा.”

डबी मी पकडींच्या कप्प्यातच ठेवली आहे, अगदी पुढं. पक्कड काढायची तर आधी ती बाजूला सारावी लागते.